फोटोखालचा काटा

सकाळचे साडेसात. ओढ्यापलीकडचं काळं रान. गावाचा एकुलता एक ट्रॅक्टर रानाच्या मधोमध बंद पडला होता. धुराड्याच्या तोंडाला काजळी धरली होती आणि मागच्या रोटावेटरच्या, म्हणजे माती फोडणाऱ्या अवजाराच्या, पात्यांत ओली माती अडकली होती. बांधावर चार-पाच माणसं उभी होती. मदतीला कोणीही खाली उतरलं नव्हतं.

ही गोष्ट त्याच गावाची. गाव लहान, जमीन चांगली, आणि ट्रॅक्टर सगळ्यांचा मिळून एक. शेतकऱ्यांनी गट करून तो घेतला होता. गटाला अध्यक्ष होते. ट्रॅक्टर आला त्या दिवशी त्याला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले, आणि कोणीतरी अध्यक्षांचा हसरा फोटो ट्रॅक्टरवर चिकटवला. चांगला मोठा, सहजी न निघणारा.

अध्यक्षांना ट्रॅक्टरमधलं एकच आवडायचं, त्याचा आवाज. "निवृत्ती, रेस वाढव!" ते ड्रायव्हरला ओरडून सांगत. "गटाचा ट्रॅक्टर आहे. शेजारच्या गावाला ऐकू गेला पाहिजे."

रेस म्हणजे इंजिन किती वेगाने फिरवायचं ते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण अध्यक्षांना त्या शब्दात शर्यतच ऐकू येई. हळूहळू गावालाही तीच सवय लागली. माणसं बांधावर उभी राहून कानाने काम मोजू लागली. ज्याच्या रानात ट्रॅक्टर जास्त गरजला, त्याचं काम चांगलं झालं!

सोयाबीन निघालं आणि हरभऱ्यासाठी रानं तयार करायची वेळ आली. पहिली पाळी ओढ्याकाठच्या रानांची होती. तिथे पूर्ण रेसवर रोटावेटर असा फिरला की मातीचं पीठ झालं. पेरणीनंतर एक सर येऊन गेली आणि त्या पिठाचा वर पापुद्रा धरला. हरभऱ्याचे कोंब त्याच्याखालीच गुदमरले.

तेव्हा अध्यक्षांनी काही केलं नाही. पुढे गटाच्या डिझेलच्या टिपाडाचा तळ दिसला, तेव्हा मात्र ते जागे झाले. रानात एकदाही न जाता त्यांनी देवळाच्या भोंग्यावरून हुकूम सोडला. "आजपासून रेस कमी. काम कुठलंही असो, रेस कमीच. जो वाढवेल त्याला सीटवरून खाली उतरवू."

मग ज्यांची पाळी आली त्यांच्या रानात डोक्याएवढी ढेकळं पडली. लोक कुरकुरले, पण भोंग्यापुढे कोणी बोललं नाही.

सगळ्यात शेवटची पाळी आत्याची, ओढ्यापलीकडच्या काळ्या रानाची. ती माहेरी परत येऊन स्वतःचं रान कसत होती, म्हणून सारं गाव तिला आत्या म्हणे. तिच्या रानात वापसा होता, म्हणजे पेरणीजोगी ओल होती. पण वारं सुटलं होतं. आजचा दिवस गेला तर जमीन आवळणार, आणि विहीर नसल्याने रान उन्हाळ्यापर्यंत मोकळं राहणार.

निवृत्तीने हुकमाप्रमाणे रेस कमी ठेवली होती. जड मातीत रोटावेटर कण्हू लागला, धुराड्यातून काळा धूर निघाला आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद.

"काय रे, उतरतोस, की मीच वर चढू?" आत्या म्हणाली.

"आत्या, रेस वाढवली तर माझी नोकरी जाते."

"आणि नाही वाढवलीस तर माझा हरभरा जातो."

बांधावरून एक जण ओरडला, "आत्या, बैल आणा बैल, ट्रॅक्टर ओढायला!"

"तूच ये ना खाली. जू घरात तयार आहे," आत्या म्हणाली. सगळे हसले. ती निवृत्तीकडे वळली. "मला एक सांग, वाढवायची म्हणजे किती? ओढ्याकाठी वाढवलीस तेव्हा पीठ केलंस."

"मोजून वाढवायची. त्याचं घड्याळ असतं समोर. रोटावेटरला किती रेस लागते, त्याची त्यावर खूणच असते. काटा तिथे आणला की झालं."

"मग आण की."

निवृत्ती स्टिअरिंगवरची माती पुसू लागला.

"अरे, आण की काटा!"

"तो अध्यक्षांच्या फोटोखाली आहे, आत्या."

बांधावरचं हसणं थांबलं. कारण हे त्यांना नवीन नव्हतं. त्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर गावातला प्रत्येक जण कधी ना कधी बसला होता. जिथे काटा असायला हवा तिथे अध्यक्ष हसताहेत, हे प्रत्येकाने पाहिलं होतं. मग दुसरा कोणीतरी बोलेल म्हणून प्रत्येकाने मान वळवली होती.

"काढ तो," आत्या म्हणाली.

"तुम्हीच काढा ना."

"मी काढला तर उद्या म्हणतील, बाईने वैर साधलं. गाडी तू चालवतोस. दिसायला तुला हवं."

निवृत्तीने देवळाच्या भोंग्याकडे पाहिलं. मग रानाकडे पाहिलं. वाऱ्याने वरची माती पांढरी पडू लागली होती. त्याने पेटीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि अध्यक्षांच्या कानापासून खरवडायला सुरुवात केली. हसू सगळ्यात शेवटी निघालं.

खाली काच स्वच्छ होती. काटा, आकडे आणि ती खूण, सगळं नव्यासारखं.

त्याने गिअर खालचा टाकला आणि रेस हळूहळू वाढवत काटा खुणेवर आणला. आता इंजिन गरजतही नव्हतं आणि कण्हतही नव्हतं. एका सुरात चाललं होतं. मागे माती पडत होती ती जात्यातल्या भरड्यासारखी, पीठ नाही आणि ढेकूळही नाही.

दुपारी रोटावेटर सोडून पेरणीयंत्र जोडलं. निवृत्तीने वरचा गिअर टाकला आणि रेस कमी केली.

"का रे, भोंगा आठवला?" आत्याने विचारलं.

"नाही, आत्या. पेरणी हलकं काम आहे. याला कमी रेसच बरोबर, डिझेलही वाचतं. हे बघा, जरा रेस दिली की इंजिन लगेच उचल घेतंय. म्हणजे ओझं पेलतंय. सकाळी उचल नव्हती, नुसता काळा धूर होता. अध्यक्षांचा हुकूम या कामापुरता खरा होता."

तेवढ्यात अध्यक्ष मोटारसायकलवरून आले. "माझा फोटो कोणी काढला?"

"मी," निवृत्ती म्हणाला.

"कोणाला विचारून? उतर खाली!"

"दुसरा फोटो द्या, अध्यक्ष," आत्या म्हणाली. "मडगार्डवर लावू. तिथे चिखल उडतो. पुसायला येत जा, त्या निमित्ताने रान तरी बघाल."

निवृत्ती खाली उतरू लागला. तेव्हा बैल आणा म्हणून ओरडणारा माणूस बांधावरून धावत खाली आला. "बस रे तू! उद्या माझ्या रानातली ढेकळं फोडायला कोण येणार? भोंगा?" त्याच्यामागून दुसरा उतरला, मग सगळेच उतरले. ट्रॅक्टरभोवती माणसं उभी राहिली आणि अध्यक्षांना पुढे येता आलं नाही. मोटारसायकल वळवून ते निघून गेले.

आत्याचा हरभरा ओळीने उगवला. ढेकळांची रानंही विहिरीचं पाणी देऊन त्याच आठवड्यात सुधारून पेरली गेली. आता ज्याची पाळी असते तो काम सुरू होण्याआधी मडगार्डवर चढतो आणि विचारतो, "काटा कुठे आहे?" आवाजाचं कोणी विचारत नाही.

मुलांनी आणि मोठ्यांनी यातून घ्यायचं तात्पर्य हे: रेस किती हवी ते समोरचं काम ठरवतं, दुरून सुटलेला हुकूम नाही. आणि काटा झाकणारा फोटो दिसला की मान वळवायची नाही, तो काढायचा.

गटाच्या पुढच्या बैठकीत आत्याने विचारलं, फोटो नेमका काट्यावरच कोणी चिकटवला? आणि ओढ्याकाठच्या रानांचं काय? अध्यक्ष म्हणाले, पुढचा विषय घ्या.

बी वाया गेल्याने ओढ्याकाठची रानं त्या हंगामात मोकळीच राहिली. फोटो कोणी चिकटवला, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.