ऋषीच्या भाजीचा हंडा

एका गावात एक माळीण राहत होती, आणि तिची काळजी तिच्या दोन पावलं पुढेच चालायची. मळा चांगला होता, नवरा कष्टाळू होता, वेलींना फळ धरत होतं. काळजी होती ती एकच, नऊ वर्षांची लेक गोदी. गोदी काही खात नसे.

म्हणजे लहानपणी एकदा तिच्या पानात पडवळाची भाजी वाढली, तर पोरीने ती पान उलटं करून झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी गवार. पोरगी उपाशी झोपली. तिसऱ्या दिवशी माळणीचा धीर सुटला. पोर वाळत चाललीय, हिला काही झालं तर, या विचाराने तिला घास गिळेना. मग तिने एक युक्ती काढली. युक्ती चांगली होती हो, नाही म्हणवत नाही. पण कधीकधी चांगल्या युक्त्याच माणसाला खड्ड्यात घालतात.

ती दुधी किसून थालीपिठात मळायची. लाल भोपळा गुळात शिजवून त्याचे घारगे करायची. पालक वाटून पुरीत, चाकवत घोटून ताकात. फळांचंही तेच. सीताफळ गाळून घ्यायचं, पपई कुस्करून शिऱ्यात घालायची, पेरूच्या बिया काढून त्याचा गर दुधात. सालं, देठ, बिया सगळं गोदी उठायच्या आत उकिरड्यावर. गोदीने विचारलं, "आई, हे काय आहे?" तर उत्तर ठरलेलं: "गंमत आहे. खा मुकाट्याने."

गोदी खायची. गोदी बाळसं धरू लागली. विहिरीवर बायका रडगाणं गायच्या, "आमची पोरं भाजीला तोंड लावत नाहीत बाई," तेव्हा माळीण कळशी कमरेवर घेत म्हणायची, "आमची गोदी सगळं खाते." खोटं नव्हतं ते. बायका तोंडात बोट घालायच्या आणि माळणीला बरं वाटायचं. एकच गोष्ट ती कुणाला सांगत नसे. माळ्याची लेक असून गोदीला वांगं कुठलं आणि दोडका कुठला हे ठाऊक नव्हतं. मळ्यात तिला कधी नेलंच नव्हतं. नेलं असतं तर युक्ती उघडी पडली असती ना.

आता त्या गावची एक रीत होती. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हे तर घरोघर पाळतात. नांगरलेल्या शेतातलं धान्य नको, भाजी नको. जे आपोआप उगवतं, कुंपणावर चढतं, परसात हाताने लावलेलं असतं, तेवढंच खायचं. पण या गावात ती भाजी घरोघर शिजत नसे. देवळापुढच्या पटांगणात एकच मोठा हंडा चढायचा आणि त्यातली भाजी आणायची ती मुलांनी. आठ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक पोराने सकाळी बांधावर, ओढ्याकाठी, रानाच्या कडेला जाऊन भाजी शोधायची. ज्याने आणली त्यानेच घरी नेऊन चिरायची आणि त्यानेच हंड्यात टाकायची. मोठ्यांनी तपासायची नाही. मुलांवर विश्वास ठेवायचा, असा तो मान होता. गावातलं पोर आणि भाजी ओळखत नाही, असं होऊ शकतं हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

आदल्या वर्षी गोदीला ताप होता, म्हणून सुटली. यंदा सुटका नव्हती. सगळा श्रावण माळणीला झोप नीट लागली नाही. पोरगी रानात जाऊन गवत उपटून आणेल, चारचौघांत हसं होईल, बायका म्हणतील, हीच का ती सगळं खाणारी? खरं सांगून टाकायला अजून वेळ होता. चार दिवस बसून पोरीला भाज्या दाखवल्या असत्या, तरी पुरलं असतं. पण इतक्या दिवसांनी पोरीला काय सांगायचं, इथेच तिचं घोडं अडायचं.

शेवटी तिने दुसरी युक्ती काढली. पंचमीच्या पहाटे तिने कुंपणावरची करटोली तोडली, फडक्यात बांधली आणि ती पुरचुंडी गोदीच्या हातात दिली.

"सगळ्यांबरोबर जा, सगळ्यांबरोबर ये. घरी येऊन ही चीर आणि हंड्यात टाक. कुणी विचारलं तर म्हण, मीच तोडली."

"पण मी कुठे तोडली?"

"गोदे, सांगते तेवढं कर."

गोदी गेली. वाटेत तिने फडक्याची गाठ जरा सैल करून आत पाहिलं. हिरवं, गोलसर, अंगभर काटे. बघितलं आणि पुन्हा गाठ मारली. मुलं ओढा ओलांडत होती, पाण्याला ओढ होती, दगड शेवाळलेले. गोदीचा पाय घसरला. ती वाचली, पण पुरचुंडी गेली. वळणापर्यंत दिसली आणि मग दिसेनाशी झाली.

बाकीची पोरं पांगली. कुणी टाकळा खुडत होतं, कुणी अळू, कुणी आंबट चुका. गोदी एकटीच उभी. रिकाम्या हाताने गेले तर आई काय म्हणेल, या धास्तीने तिला रडू फुटलं. मग तिला आठवलं, हिरवं, गोल, काटेरी. ती शोधू लागली. एका पडक्या गोठ्यामागे उकिरड्यापाशी तिला ते सापडलं. हिरवं, गोल, अंगभर काटे. पोरीने परकराचा ओचा भरून घेतला, घरी जाऊन विळीवर बारीक चिरलं आणि टोपलीत घालून हंड्यापाशी आणलं.

माळीण तिथेच हंड्याच्या चुलीला लाकडं सारत होती. गोदीने टोपली रिकामी केली, हिरव्या फोडी अळूच्या पानांत मिसळून दिसेनाशा झाल्या. माळणीने सुटकेचा श्वास सोडला. झालं एकदाचं, असं तिला वाटलं.

हंड्यावर गावचा म्हातारा आचारी होता. चाळीस वर्षं तोच ही भाजी शिजवत आला होता. त्याने हंडा ढवळला, वर झाकण ठेवलं. भाजी रटरटू लागली. उपासाचा दिवस, सकाळपासून कुणाच्या पोटात अन्नाचा कण नाही, पोरं सारखी हंड्याभोवती घिरट्या घालत होती. नैवेद्य झाला. पत्रावळी मांडल्या. पहिली पंगत मुलांची.

माळणीने गोदीला जवळ ओढलं, तोंड पुसायला पदर पुढे केला, आणि तिला पोरीची बोटं दिसली. बोटांवर बारीक बारीक लाल ठिपके होते. एका ठिकाणी रक्त सुकलं होतं.

"हे काय गं? विळी लागली?"

"नाही. तेच टोचलं. तू दिलेलं ते."

माळीण हसायला गेली आणि हसू तिथेच राहिलं. करटोलीचे काटे टोचत नाहीत. मऊ असतात ते, तान्ह्या पोराच्या गालावर फिरवले तरी ओरखडा उठत नाही.

"मी दिलेलंच चिरलंस ना?"

गोदीने हात पाठीमागे लपवले आणि हळूच म्हणाली, "ते ओढ्यात वाहून गेलं. मी तसलंच दुसरं आणलं."

"वेलावरचं आणलंस? वेल होता ना तो, कशावर तरी चढलेला?"

"वेल नाही. झाड होतं. माझ्या कमरेएवढं. त्याला पांढरी फुलं होती, लांब लांब, तोंडाशी रुंद. उकिरड्यापाशी होतं."

 गावातल्या मोठ्या माणसांना सगळ्यांना ते झाड ठाऊक होतं. गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. धोतरा.

समोर पंगत बसली होती. कुंभाराची जुळी, सुताराचा बारक्या, विहिरीवर भेटणाऱ्या सगळ्या बायकांची पोरं, मांडीवर हात ठेवून, हंड्याकडे डोळे लावून. वाढपी पळी घेऊन उभा.  तरी बघा माणसाचं मन कसं असतं. एवढ्या घटकेलाही तिला आधी आठवलं ते बायकांचं बोलणं. माळ्याच्या लेकीने धोतरा आणला, हे लोकांना कसं सांगायचं? काहीतरी सांगून भाजी थांबवता येईल. खरं न सांगताही थांबवता येईल. तिने तिसरी युक्ती काढली.

"बाबा," ती आचाऱ्याजवळ जाऊन म्हणाली, "भाजी वाढू नका. मीठ फार पडलंय म्हणतात. खारट झालीय. टाकूनच द्या."

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. "चाळीस वर्षांत माझं मीठ चुकलं नाही, पोरी. कोण म्हणतंय खारट?"

आणि त्याने पळी हंड्यात बुडवली. तळव्यावर भाजी घेतली. गरम होती, म्हणून तो तिच्यावर फुंकर घालू लागला. एकदा. दोनदा. पंगत बघत होती.  म्हाताऱ्याने हात तोंडाजवळ नेला.

माळणीने त्याचं मनगट धरलं. भाजी खाली सांडली, थोडी तिच्या पायावरही.

"मीठ नाही, बाबा," ती म्हणाली. तिला वाटलं होतं आपण ओरडू, पण आवाज अगदी बारीक निघाला. "हंड्यात धोतरा आहे. माझ्या गोदीने टाकला. तिचा दोष नाही. तिला एकही भाजी ओळखता येत नाही. मी कधी दाखवलीच नाही. किसून, वाटून, गाळून घातली आणि नाव सांगितलं नाही. आणि आज मीच तिच्या हातात पुरचुंडी देऊन खोटं बोलायला सांगितलं."

 मग कुणीतरी पोराला पानावरून उचललं आणि पाठोपाठ सगळ्याच आया धावल्या. न वाढलेल्या पानांवरून पोरांना ओढून नेलं त्यांनी.

म्हातारा गोदीला घेऊन त्या पडक्या गोठ्यामागे गेला. थोड्या वेळाने परत आला तेव्हा त्याच्या हातात एक काटेरी बोंड होतं. त्याने ते सगळ्यांना दाखवलं.  गावाबाहेर खड्डा खणून हंडा त्यात उपडा केला, वर राख टाकली, माती लोटली, गुरांनी उकरू नये म्हणून दगड ठेवले. त्या दिवशी गावाने वरीचा भात आणि दही खाल्लं. ऋषीची भाजी नाही, असं त्या गावात पहिल्यांदाच घडलं.

कुंभारीण मात्र बोललीच. "माळ्याच्या घरात भाजी ओळखत नाहीत. ऐकावं ते नवलच." दोघीतिघी हसल्या.

आचाऱ्याने ते ऐकलं. देवळामागच्या कुंपणावरून त्याने एक भाजी तोडली, लांब, शिरा असलेली, आणि कुंभारणीच्या जुळ्यांपुढे धरली. "हे काय रे?"

एक म्हणाला पडवळ. दुसरा म्हणाला काकडी. होता तो दोडका. म्हाताऱ्याने सुताराच्या बारक्याला विचारलं, त्याने आईकडे बघितलं. आईने मान खाली घातली. हाच प्रश्न मग आणखी चारपाच पोरांना विचारून झाला, आणि पटांगणातलं हसणं कुठल्या कुठे गेलं. सकाळी हंड्यात आणखी कुणी काय टाकलं होतं, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळीण गोदीला मळ्यात घेऊन गेली. आयुष्यात पहिल्यांदा. पायाला फोड आला होता, लंगडत चालली होती. तिने केळीच्या पानावर एकेक भाजी, एकेक फळ मांडलं, सालीसकट, देठासकट. दुधी, दोडका, पडवळ, भोपळा, पालकाची जुडी, पेरू, पपई. शेवटी एक कारलं.

"हे कारलं. कडू असतं," ती म्हणाली.

गोदीने बारीक तुकडा चावला. तोंड वाकडं झालं तिचं, डोळ्यांत पाणी आलं. माळणीचा हात गुळाकडे गेला, सवयीचा हात तो, पण तिने तो मागे घेतला.

"कडू आहे," गोदी म्हणाली.

"हो. मी सांगितलं ना."

गोदीने तुकडा गिळला. मग तिने पालकाची जुडी उचलून नाकाशी नेली, पपईवरून बोट फिरवलं, दुधी मांडीवर घेऊन बघितला. वास घेता घेता ती थांबली.

"आई, हे सगळं मी खाल्लंय?"

"सगळं."

"आणि मला आवडत होतं?"

माळणीने होकाराची मान हलवली. 

गोदीने दुधी पानावर परत ठेवला. मग तिने विचारलं, "मग मला सांगितलं असतंस, तर मी खाल्लं नसतं असं तुला का वाटलं?"

 माळणीने पेरू उचलला, सालीसकट, बियांसकट अर्धा केला आणि एक फोड लेकीच्या हातात दिली. दोघी तिथेच बांधावर बसून खाऊ लागल्या.

तात्पर्य एवढंच, की मुलांच्या पोटात काय जातं याची काळजी जरूर करावी. पण त्यांना नाव, रूप आणि चव खरी सांगावी. लपवून भरवलेल्या घासाने पोट भरतं, ओळख होत नाही. आणि आपण पाठीशी नसताना मुलांना वाचवते ती ओळखच.