सोपानची गाडी आणि हिरव्या लुगड्याची आत्या

एका गावात, गाव आमचंच, एक भोळा भाऊ होता. नाव सोपान. सांगाल ते तंतोतंत करायचा, एवढीच त्याची खोड.

त्याची धाकटी बहीण रंजना. तिला एक स्थळ आलं होतं. मुलगा तिने एका लग्नात पाहिला होता आणि तिला मनापासून आवडला होता. पण त्या घरात सगळं चालायचं मुलाच्या यमुनाआत्याच्या शब्दावर, आणि आत्याची कंबर धरलेली. जरा हिसका बसला की आत्या बिघडायची. म्हणून सोपानच्या वडिलांनी, बापूंनी, जुनी जीप विकून नवी गाडी घेतली. छोटीच, पण उंच आणि ऐटबाज. तालुक्याच्या स्टँडवरून आत्याला हिच्यातूनच आणायचं ठरलं. चालवणार सोपान. घरात दुसऱ्या कुणाला येतच नव्हती, काय करता!

शोरूमवाला म्हणाला होता, समोर चहाचा कप ठेवा, थेंब सांडणार नाही. सोपानने पहिल्याच दिवशी समोर कप ठेवला, शेजारी बापूंना बसवलं आणि गतिरोधकावरून गाडी सुसाट नेली. चहा बापूंच्या धोतरावर. चांगला कढत होता.

बापू कळवळून म्हणाले, "गतिरोधक आला की थांबायचं. आतलं आधी बाहेर काढायचं, मग गाडी पुढं न्यायची."

"बरं," सोपान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आईला देवीला न्यायचं होतं. वाटेत अकरा गतिरोधक. सोपानने अकरा वेळा आईला खाली उतरवलं आणि गाडी पलीकडे नेली. माउली अकरा वेळा आपली आपण चढली. गुडघे आधीच कुरकुरणारे. देवळात पोचल्यावर ती म्हणाली, बाबा रे, माणूस बसू द्यावा, उतरवायचंच असेल तर सामान उतरव.

"बरं," सोपान म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तो एकटाच बाजाराला गेला. नव्या कपबशा, पेढे, आत्यासाठी पातळ. येताना प्रत्येक गतिरोधकाशी एकेक पिशवी उतरवत आला. आई निदान परत चढली होती. पिशव्या कुठल्या चढतात? गाडी दारात आली ती रिकामी.

रंजना रडकुंडीला आली. "दादा, एकदा गाडीत घातलं की आपलं दार आल्याशिवाय उतरवायचं नाही. काही म्हणजे काही."

"बरं," सोपान म्हणाला. बहिणीवर जीव होता त्याचा. वाटभर घोकायचं त्याने ठरवलं.

चौथ्या दिवशी आत्या येणार. बापूंनी खूण सांगितली, हिरवं लुगडं आणि कंबरेवर हात. गतिरोधकावर गोगलगायीसारखी घे, हेही बजावलं. सोपान स्टँडवर गेला, तर तशा बायका दोन. त्याने फार डोकं चालवलं नाही. दोघींनाही बसवलं. दुसऱ्या होत्या हौसाबाई. त्यांना वाटलं, वडापची, भाड्याने माणसं नेणारी गाडी दिसते, जाते आपल्या फाट्यावरून.

फाटा आला. हौसाबाई म्हणाल्या, थांबव, मला उतरायचंय.

"आमचं दार आल्याशिवाय नाही," सोपान म्हणाला. "काही म्हणजे काही."

फाटा मागे गेला. हौसाबाईंनी थोडी आदळआपट केली, मग करतात काय, शेजारी बसलेल्या आत्याशी बोलायला लागल्या. गाडी गोगलगायीच्या चालीने दीड तास चालली.

दारात रांगोळी. आई ओवाळायला उभी. आतल्या दाराआड पोह्यांचं ताट घेऊन रंजना. दोघी बायका हसतच उतरल्या. यमुनाआत्याचा हात कंबरेवर नव्हता.

"बापू, गाडी म्हणजे पाळणा आहे हो," आत्या म्हणाली. "एक हिसका नाही. निवांत बोलता आलं. आता तोंड गोड करा, लग्न जमलं आमच्या पोराचं."

बापूंचे डोळे भरून आले. मुलगी न बघताच होकार! ते कसेबसे म्हणाले, एकदा पोरगी बघून तरी घ्या.

"बघितली की, फोनवर फोटो होता," आत्या म्हणाली आणि तिने हौसाबाईंचा हात धरला. "या हौसाबाईंची लेक. मला पसंत आहे."

आत ताट पडल्याचा आवाज झाला. बापू मटकन ओट्यावर बसले. सोपान तेवढा खुशीत होता.

"बापू, वरातीला आपलीच गाडी पाहिजे म्हणतात दोघी," तो म्हणाला. "मी बरं म्हणालो."