दोन बोटांची खूण

“...पण चाचा, मी एकशे चाळीस शब्द पाठ केले की! तरीही ही पोरं माझ्याशी बोलत का नाहीत?”

दस्तगीर चाचांनी वर पाहिलं नाही. मजारीवरची चादर एका कोपऱ्याला उसवली होती. ती मांडीवर घेऊन ते सुईत दोरा ओवत होते.

पंचेचाळीस वर्षं ते इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करायचा आणि नव्या पोरांना हाताखाली तयार करायचं, हे त्यांचं काम. आता गावाबाहेरच्या या लहानशा दर्ग्याची देखभाल करतात.

समोर बसलेले शांतिनाथ मगदूम हे त्यांनी तयार केलेल्या पोरांपैकीच एक. वय एक्कावन्न. आता एका कापड कारखान्याचे मॅनेजर.

“कसले शब्द?” चाचांनी विचारलं.

“आजकालच्या पोरांचे. इंटरनेटवरचे. ऑफिसात सगळी पंचविशीच्या आतली आहेत. आपसात काय बोलतात, कळायचं नाही. म्हणून वही केली. शब्द, अर्थ, उदाहरण. रोज दहा.”

“मग? कळायला लागलं?”

“सगळं!” मगदूम ताठ बसले. “माझं नाव काय ठेवलंय, तेसुद्धा कळलं.”

“काय ठेवलंय?”

“बफरिंग.”

“म्हंजे?”

“मोबाईलवर व्हिडिओ मध्येच अडकतो आणि नुसतं चक्र फिरत राहतं ना, ते. मी बोलताना मध्येच थांबतो म्हणून.”

चाचा हसले. पोट धरून हसले. सुई बाजूला ठेवावी लागली.

“चांगलं हाय की नाव!”

“हसा तुम्ही.”

“तू न्हाई हसलास?”

मगदूम अंगणाकडे बघू लागले.

चाचांनी पुन्हा सुई उचलली. “पुढं?”

“सोमवारी मीटिंग होती. मालक होते. मी सुरुवातीलाच म्हटलं, आज तुमच्याशी बफरिंग बोलणार आहे. वाटलं, हसतील. म्हणतील, साहेब आपल्यातले झाले. कुणी हसलं नाही. मग मी श्रावस्तीला उभं केलं.”

“ही कोण?”

“श्रावस्ती कांबळे. कॉम्प्युटरवर कापडाची डिझाईन करते. तेवीस वर्षांची आहे. तिला म्हटलं, मालकांना सांग की बफरिंग म्हणजे काय.”

“सांगितलं तिनं?”

“सांगितलं... खाली बघून.”

“मग?”

“मंगळवारी राजीनामा दिला. परवा शनिवारी तिचा शेवटचा दिवस आहे. बाकीच्यांनी नवा ग्रुप काढलाय. त्यात मी नाही. मी खोलीत गेलो की सगळे कीबोर्डकडे बघतात.”

लांब गावातून मागांचा आवाज येत होता.

“माझं काय चुकलं, चाचा? मी त्यांची भाषा शिकलो. माझ्या वयाचे बाकीचे तर नुसती नावं ठेवतात. मी शिकलो!”

“व्हय. शिकलास.”

“ती पोरगी जाता कामा नये. तिच्यासाठी हे लिहिलंय, तिच्याच भाषेत. एकदा ऐका.”

मगदूमांनी मोबाईल काढला. चष्मा लावला. घसा साफ केला.

“श्रावस्ती, तू क्वीन आहेस, नो कॅप. तुझा ऑरा प्लस हजार. तू गेलीस तर ऑफिसची वाईबच संपेल. विषय हार्ड.”

चाचांनी आणखी दोन टाके घातले.

“कुणी लिहिलंय हे?”

“मीच.”

“वाटत न्हाई.”

मगदूमांचा चेहरा उतरला. मग पारा चढला. “तुम्हाला त्यातलं काय कळतंय, चाचा? तुमच्या वेळी हे नव्हतं. मागांच्या खडखडाटात कोण कुणाशी बोलत होतं? बोटं आणि भुवया, एवढ्यावर दिवस जायचा.”

चाचांनी चादर खाली ठेवली.

डावा तळहात पुढे केला. उजव्या हाताची दोन बोटं त्यावरून चालवली. एक बोट सरळ. दुसरं वाकडं, ओढत ओढत येणारं.

मगदूम पाहत राहिले...

कानापर्यंत लाल झाले.

चाचांचा डावा गुडघा तरुणपणापासून वाकत नव्हता. मागांवरची पोरं ते येताना दिसले की एकमेकांना हीच खूण करत. या टोकापासून त्या टोकापर्यंत खूण पळायची आणि सगळं शेड बिनआवाजाचं हसायचं.

“तुम्हाला... ठाऊक होतं?”

“पहिल्या आठवड्यापासनं.”

“ही खूण कुणी काढली होती, तेही?”

“शांतिनाथ मगदूम. मागाला कांड्या भरून देणारा पोरगा. वय सतरा.”

मगदूमांनी चष्मा काढला. विनाकारण पुसला.

“अकरा वर्षं मी तुमच्या हाताखाली होतो, चाचा. एकदाही बोलला नाहीत.”

“बोललो असतो तर तुम्ही दुसरी काढली असती. ही बरी होती. हुबेहूब होती.”

“राग नाही आला?”

“आला की. पहिले दोन दिवस.”

“आणि मग?”

“मग बघितलं, हसणाऱ्या पोराला तुटलेला धागा लवकर दिसतोय. दबकून काम करणारा नुसता माझ्याकडं बघत बसतोय.”

चाचांनी गुडघा चोळला.

“दारातनं आत आलो की पहिल्या मागापाशी वाकायचो. एक नट आवळायचो. तुमचं हसून होईपर्यंत.”

“आठवतो तो नट! आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याला त्या नटाचं काय एवढं...”

मगदूम थांबले. अगदी मध्येच.

“...तो सैल नव्हताच?”

“कधीच नव्हता.”

अंगणात कडुनिंबाची पानं पडत होती. एक मगदूमांच्या खांद्यावर पडलं. त्यांनी ते झटकलं नाही.

त्यांनी विचारलं, “म्हणजे कळलं तरी न कळल्यासारखं करायचं?”

“मी असं म्हटलं?”

“मग काय करायचं? परवा शनिवार आहे, चाचा!”

चाचांनी प्रश्न बाजूला सारला. “त्या पोरीनं तुझ्यासाठी काय केलंय?”

“माझ्यासाठी? ती डिझाईन करते. हुशार आहे. वेळेवर...”

“कारखान्यासाठी न्हाई विचारलं.”

मगदूमांनी मोबाईल मांडीवर ठेवला. त्यांचा आवाज खाली आला होता.

“गेल्या वर्षी नवे माग आले. कॉम्प्युटरवर चालणारे. मला ते जमेना. स्क्रीन पाहिली की कुठलं बटण दाबायचं तेच सुचायचं नाही. कुणाला सांगणार? मॅनेजर ना मी. एक दिवस सकाळी लवकर गेलो, एकटाच धडपडत होतो. ती आली. काही विचारलं नाही. शेजारी खुर्ची ओढून बसली.”

“मग?”

“मग रोजच अर्धा तास आधी यायला लागली. चार महिने. तीच गोष्ट मी दहादा विचारायचो. ती अकराव्यांदा सांगायची. बाकीचे यायच्या आत आपल्या टेबलावर जाऊन बसायची.”

“कुणाला बोलली?”

“नाही.”

“तुझं हसं केलं?”

“नाही, चाचा... कुणालाच काही कळू दिलं नाही. आजपर्यंत.”

मगदूमांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत. मोबाईलवरचा तो मजकूर पुसून टाकला. नंतर पुढे होऊन चाचांच्या न वाकणाऱ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“तुमचेही आभार राहिलेत, चाचा. अकरा वर्षांचे.”

“माझं राहू दे. तिचं बघ.”

“बघतो. पण कसं म्हणू? वहीत शोधलं. आभारासाठी त्यांचे तीन शब्द सापडले. तिन्ही माझ्या तोंडात दुसऱ्याचे वाटतात.”

चाचा दोऱ्याला गाठ मारत होते.

“आपल्या शेडात होती ना एखादी?” मगदूमांनी विचारलं. “पाण्याला खूण होती, चहाला होती, मालक आल्याची होती, शिव्यांना तर आठ-दहा होत्या. आभाराची कोणती होती? मला आठवतच नाही.”

“आठवंल कशी? नव्हतीच.”

“मग एकमेकांचे आभार कसे मानायचो आपण?”

चाचांनी दाताने दोरा तोडला.

“त्यासाठी माग बंद करून तोंडानं बोलायला लागायचं.”