तळ्याकाठची मंडळी

टेकडीवरच्या तळ्याला पाणी होते. पायथ्याच्या डबक्याला नव्हते. तळ्याकाठी सारसांची मंडळी राहत असे. रोज सकाळी माना उंचावून ती स्तवन गाई. ते इतके सुरेल असे, की गाताना खाली पाहावे असे कुणाला वाटत नसे.

एकदा पंख दुखावला म्हणून सारजा नावाची सारसी पायथ्याशी उतरली. तडकलेल्या चिखलात बेडूक निपचित पडले होते. एका म्हाताऱ्या कासवाने तेवढी मान वर केली.

“आम्ही रोज तुमच्यासाठी गातो,” सारजा म्हणाली.

“ऐकू येतं, बाई. गोड गाता. पाणी मिळेल का थोडं?”

वर जाऊन सारजाने हे सांगितले, तेव्हा मंडळीचे डोळे पाणावले. वडील सारस म्हणाले, “त्यांना अडवलंय कुणी? खुशाल वर यावं. तळं सगळ्यांचंच आहे.”

“त्यांना चढवणार नाही, वडील. आपणच चोचीतून पाणी नेऊ.”

“आणि तिथला चिखल पायांनी तळ्यात आणू?”

मंडळीने वाट झाडून काढली, नवे स्वागतगीत रचले आणि टेकडीच्या कडेवरून साद घातली.

कासव तेवढे निघाले. सारजा धावत खाली गेली. “नका येऊ, आजोबा. ऊन फार आहे.”

“एवढं बोलावलंय, तर गेलं पाहिजे.”

ती काही अंतर त्याच्या सोबतीने चालली. मग वरून गाण्याच्या सरावाची हाक आली, आणि ती गेली.

सकाळी शेवटच्या वळणावर कासव सापडले. मान तळ्याच्या दिशेला ताणलेली होती, डोळे उघडे होते, आणि त्यांवर मुंग्या चढल्या होत्या.

“आला म्हणायचा!” वडील सारस गहिवरून म्हणाले. “आपलं बोलावणं पोचलं.”

कासवाभोवती रिंगण धरून मंडळीने स्वागतगीत सुरू केले. सारजा मागच्या मागे तळ्यात शिरली आणि दुखरा पंख सावरत खाली उतरली.

डबक्यातल्या एका बेडकाने डोळे किलकिले केले. वरचे सूर आज कधी नव्हे इतके जवळून येत होते.

“काय म्हणतायत हो ते?” त्याने विचारले.

सारजा काहीच बोलली नाही. तिची चोच पाण्याने भरलेली होती.