तरवडीची साळूआय आणि समुद्रातली विहीर

गलबतं वाऱ्यावर चालायची, तेव्हाची ही गोष्ट. आज तरवडीला बाजारपेठ आहे, कोर्ट आहे, एसटीचं मोठं स्टँड आहे. तेव्हा खाडीच्या तोंडाशी मासे मारणाऱ्या खारव्यांच्या चाळीस झोपड्या होत्या, आणि गोड पाण्याचा थेंब नव्हता. जिथं खणावं तिथं खारं लागे. बायका होडीनं खाडीपल्याड जाऊन हंडे भरून आणत. गलबतं समोरून जात, पण थांबत नसत. बिनपाण्याच्या बंदरात कोण थांबणार?

एका श्रावणात भरल्या हंड्यांची होडी उलटली. चार बायका गेल्या. त्यांत साळू खारविणीची सून होती, सुभद्रा. साळू तेव्हा साठीला टेकलेली. तेरा दिवस ती उंबऱ्याबाहेर पडली नाही. चौदाव्या दिवशी ओहोटीला कालवं काढायला कातळावर गेली, तर एका भेगेपाशी कावळे पाणी पीत होते. तिनं ओंजळ भरून चाखलं. गोड! साळू तिथंच सुनेच्या नावानं पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

पण तो झरा दिवसातून दोनदा समुद्राखाली जाई. साळू धाकोजी गावकाराकडे गेली. गावात त्याचाच शब्द चाले. ती म्हणाली, "भोवती भिंत घालूया. भरतीच्या वर येईल एवढी."

धाकोजी हसला. "समुद्रात विहीर? साळू, सुनेच्या दुःखानं तुझं डोकं फिरलंय गो."

दर ओहोटीला साळू डोक्यावरून एकेक दगड नेऊन रचू लागली. भरती येई, दगड विस्कटून टाकी. ती पुन्हा रची. महिन्याभरानं तिच्या मदतीला बुडालेल्या बायकांच्या घरचे लोक आले. मग लाडू पाथरवट आला. त्यानं दगड घडवले, चुना मळून सांधे भरले. सात महिन्यांत भिंत पुरुषभर उंच झाली.

फाल्गुनातली अमावास्या आली. मोठं उधाण येणार होतं, आणि समुद्राच्या बाजूनं वरचे दोन थर राहिले होते. चुना ओला. खारं पाणी एकदा आत शिरलं की सगळं वाहून जाणार. सकाळीच समुद्र चढू लागला, तशी माणसं पळाली. लाडूनं हाका मारल्या, "आये, चल वर!" साळू भिंतीच्या खिंडारात बसली होती. असं म्हणतात, तिनं समुद्राला हात जोडले नाहीत. शेजारणीला सांगावं तसं सांगितलं, "चार माणसं दिलीत तुला. आता जरा थांब. दोनच थर राहिलेत."

आणि समुद्र थांबला. असं म्हणतात, पाणी तिच्या घोट्यांशी आलं आणि दोन घटका तिथंच हेलकावत राहिलं. माणसं परत धावली. शेवटचा दगड बसला, तेव्हा लाट भिंतीवर आपटली आणि बाहेरूनच माघारी गेली.

आठवड्यातच एक गलबत नांगरलं. खलाशांचे ओठ फुटलेले, भाषा कोणाला कळेना. धाकोजी विहिरीपाशी आडवा आला. "हे आमचं पाणी. कोण कुठचे हे, आधी विचारा!"

साळूनं कळशी वर ओढली. "तहानेलं माणूस आहे ते, धाकोजी. आधी पिऊ दे. नाव-गाव मग विचार."

त्या खलाशांनी ही गोष्ट बंदराबंदरांत नेली. गलबतं तरवडीला थांबू लागली. मागोमाग दोर वळणारे आले, शिडं शिवणारे आले, तांदळाचे व्यापारी आले. गलबतांनी तोल राखायला तळाशी भरून आणलेले परमुलखाचे काळे-तांबडे दगड टाकले, त्यांचाच धक्का बांधला. साळूआय त्या धक्क्यावर बसून येणारी शिडं मोजायची. एका सकाळी ती तिथं नव्हती. कोणी म्हणतं ती घरी अंथरुणात शांत गेली, कोणी म्हणतं ओहोटीबरोबर चालत गेली.

आता गलबतं येत नाहीत. धक्क्यावर संध्याकाळी म्हातारी माणसं बसतात, गप्पा मारतात. पण गावात नवं बिऱ्हाड उतरलं, बँकेतला साहेब असो की बदलीवर आलेली मास्तरीण, सामान टेम्पोतून खाली यायच्या आत शेजारीण तांब्या घेऊन दारात उभी राहते. पाणी हल्ली नळाचंच असतं. ती नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. तांब्या पुढे करते आणि म्हणते, "घ्या. साळूआयचं आहे."