कडू कोंबाची वाटी

"...आणि बियांत?" विद्याधरबुवांनी विचारलं.

श्रीरंग याच प्रश्नाची वाट पाहत होता. कमळाचं पान सांगून झालं होतं, केसर झालं होतं, चिखलातला कंदही झाला होता. पानातलं कोणतं द्रव्य अंगावरचा मेद उतरवतं, केसर वाहतं रक्त कसं आवरतं, कंदातल्या तंतूंनी कोठा कसा साफ राहतो, हे त्याने एका दमात सांगून टाकलं होतं.

"बीच्या पोटात हिरवा कोंब असतो, बुवा. कडूजहर. लोक तो काढून फेकतात. पण नेफेरीन नावाचं द्रव्य असतं ते त्यातच. जीव शांत करतं, झोप आणतं. खरं औषध तेवढंच."

"आणि भोवतालचा पांढरा गर?"

"ते नुसतं खाणं."

"हं..."

तळ्याकाठच्या त्या मठात श्रीरंगाला येऊन चार वर्षं झाली होती. ओसरीवर बुवांच्या शेजारी एक चौरंग असे, कायम रिकामा. त्यावर ज्याला बसवतील तो वैद्य, असं सारी पंचक्रोशी मानत होती. श्रीरंग रोज तो चौरंग पुसायचा आणि रोज खालीच बसायचा.

"बुवा, आता माझं शिकायचं काय राहिलं?"

बुवांनी पायरीकडे बोट केलं.

तिथे केवळाबाई बसली होती. चैत्रात तिचा नवरा गेला. तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा नव्हता, आणि पुढ्यातलं ताट ती उचलून गाईला घालत होती.

"ही झोपली की चौरंग तुझा," बुवा म्हणाले आणि आंघोळीला निघून गेले.

श्रीरंगाने तळ्यातून बियांनी भरलेली ओली बोंडं आणली, टोपलीभर. सावली फक्त पायरीवर होती, म्हणून तो केवळाबाईच्या शेजारीच बसला. बी सोलायची, कोंब वाटीत टाकायचा, गर तळ्यात भिरकावायचा. कोंब काही धड निघेनात. अर्धे बोटांतच चिरडले.

केवळाबाई बघत होती.

"काऊन बाप्पा, नखं हायेत का खुरपी?"

"औषध करतोय, बाई. तुमच्यासाठीच."

"अन् हे पांढरं काऊन फेकून राह्यला?"

"त्यात काही नाही."

"काही नाही म्हणे! खायची वस्तू हाय ते. सरक तिकडे."

तिने टोपली ओढून घेतली. अंगठ्याच्या नखाने बी उकलली. कोंब अख्खा निघून वाटीत पडला, आणि गर... जुन्या सवयीने तिच्या तोंडात गेला.

दुसरी बी. तिसरी.

"आमचा बुढा..." ती म्हणाली आणि थांबली.

श्रीरंगाने एक बोंड तिच्यापुढे सरकवलं. काय बोलावं ते त्याच्या शिकण्यात आलं नव्हतं.

"मी पांढरं खाऊ अन् हिरवं त्याच्यापुढे टाकू. तो कचाकचा चावे अन् म्हणे, गूळ हाय, गूळ! तोंड मात्र असं..."

तिने ते तोंड करून दाखवलं. नाक गालात, डोळे कपाळात. श्रीरंगाला हसू आवरेना. मग तीही हसली, पदर तोंडाला लावून. पदर जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

बोंडं एकेक करून रिकामी होत गेली.

वाटी भरली तशी श्रीरंगाने आत धाव घेतली. कोंब वाटले, उकळले, गाळले. वाफाळती वाटी दोन्ही हातांत धरून तो बाहेर आला.

केवळाबाई खांबाला टेकून झोपली होती. तोंड उघडं. मुठीत अर्धी सोललेली बी. घोरण्याने खांबावरची चिमणी उडून गेली होती.



बुवा ओल्या पंच्याने ओसरीवर आले. आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे.

"औषध दिलंस?"

आसपास कोणी नव्हतं. एक 'हो', आणि चौरंग त्याचा होता. वाटीचा चटका बोटांना बसत होता.

"...नाही."

"आं?"

"नाही, बुवा. मी काही दिलंच नाही. ती आधीच झोपली."

"आणि ते पांढरे गर? 'नुसतं खाणं'?"

"तिने खाल्ले."

"सगळे?"

"मी आधी फेकले तेवढे माशांनी खाल्ले."

बुवा पोटभर हसले, पण आवाज न करता, पाहुणीची झोप मोडू नये म्हणून. मग त्यांनी उपरण्याने चौरंग पुसला, स्वतः पुसला, आणि श्रीरंगापुढे सरकवला.

"पण बुवा, औषध तर अजून वाटीतच आहे!"

"ते तू घे. तुला आज झोप लागायची नाही."