गप्प बसणारी दोघं

“सर, तोच प्रश्न मला अजून एकदा विचाराल का?”

हे वाक्य सायकी पावराने एसटीत खिडकीशी बसून घोटून घोटून पाठ केलं होतं. मठाच्या पायरीवर सर दिसताच तिने ते एका दमात म्हणून टाकलं.

खैरनार सर चपला काढत होते. हातात नारळ आणि हार.

“परीक्षा संपली. गुण उद्या विद्यापीठात जातात. आणि ही काय विचारायची जागा झाली?”

जागा नव्हतीच. पण कॉलेजात सर भेटले नाहीत, आणि उद्या फार उशीर झाला असता. तोंडी परीक्षेत शून्य म्हणजे शेवटचं वर्ष नापास, आणि नापास म्हणजे वसतिगृहातली खोली गेली. सातपुड्यातल्या पाड्यावर परत गेलेली मुलगी पुन्हा शिकायला खाली उतरत नाही. सायकीच्या दोन मैत्रिणी अशाच गेल्या होत्या. तिला भीती वाटत होती, म्हणूनच ती सरांच्या मागोमाग आत शिरली.

आत मौनी महाराज बसले होते. अकरा वर्षं त्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. त्या न निघालेल्या शब्दांवर भक्तांनी हा मठ उभा केला, भिंतीवर ‘मौनं सर्वार्थसाधनम्’ रंगवून घेतलं. मंडपाची फरशी तर खैरनार सरांनी स्वखर्चाने घातली होती, आणि हे ते ज्याला त्याला सांगत.

सरांनी दंडवत घातला. उठता उठता सायकीला म्हणाले, “बघ. महाराज बोलत नाहीत, पण सगळं सांगतात. समजून घेणारा लागतो.”

महाराजांनी सायकीकडे पाहून भुवई उंचावली.

“माझी विद्यार्थिनी, महाराज. तीन वर्षं वर्गात मूग गिळून बसली. तोंडी परीक्षेतही तेच. काही येतच नाही, तर बोलेल काय?”

“येतं...” सायकी म्हणाली. “मला... येत होतं. पण...”

“पण काय? लवकर बोल.”

महाराजांनी हात वर केला. तो सायकीसाठी नव्हता, सरांसाठी होता. सरांना तासन् तास व्याख्यान देता येत असे, गप्प बसायची मात्र सवय नव्हती. ते ओठ मिटून उभे राहिले.



आपल्या वाक्यासाठी कोणीतरी थांबलंय, असं सायकीला या शहरात पहिल्यांदाच वाटलं.

“प्रश्न इंग्रजीत येतो,” ती सावकाश म्हणाली. “मी तो मराठीत आणते... मराठीतून पावरीत. घरी आम्ही पावरीच बोलतो ना. उत्तर तिथे सापडतं. मग ते परत मराठीत... मग इंग्रजीत. तोवर सर पुढच्या मुलीकडे गेलेले असतात.”

एवढं सलग ती कॉलेजात कधी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिला रडू आलं, आणि तिने ते ओढणीत पुसलं.

महाराजांनी सरांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. महाराजांची नजर वाचता येते म्हणणारे सर चुळबुळ करू लागले.

“नियम आहे, महाराज. गप्प बसणाऱ्याला शून्य. मी सगळ्यांना तेच देतो.”

महाराजांचा घसा खरखरला. कोपऱ्यात दिवा लावणारा सेवेकरी दचकून वळला.

“अकरा वर्षं मी गप्प बसलो, खैरनार,” महाराज म्हणाले, “तर तू मला फरशी घालून दिलीस. हिला शून्य कसं दिलंस?”